कागदावर दोन वर्षांनी लहान

एकतीस मेला मी सेवानिवृत्त झाले. दवाखान्यातल्या पोरींनी हार घातला. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, अठ्ठावन्नच्या वाटत नाही तुम्ही." मी अठ्ठावन्नची नव्हतेच. साठी उलटून गेली होती. गुडघे सुजलेले असताना, लसींचा डबा खांद्याला अडकवून मी जी शेवटची दोन वर्षं वाड्यावस्त्यांवर पायपीट केली, ती आमच्या गुरुजींनी मला दिलेली. माया होती त्यांची माझ्यावर, माझीही त्यांच्यावर. पण त्या दोन वर्षांचा राग माझ्या मनातून अजून जात नाही, आणि कोणाला सांगायला जावं तर, दोन वर्षं पगार जास्त मिळाला की, म्हणून लोक हसतात.

सोनपेठच्या बाजूचं आमचं गाव. पोरी शाळेत उशिराच यायच्या, कारण आधी धाकटी भावंडं सांभाळून संपवायची असत. मीही तशीच गेले. बा मला हाताला धरून घेऊन गेला आणि म्हणाला, "आठ असंल गुरुजी, न्हाई तर सात." जन्माचा दाखला कोणाकडेच नसायचा. मग परीक्षा ठरलेली: उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायचा. कानाला बोटं लागली की पोर सहाचं झालं. माझा हात कान ओलांडून पार मानेपर्यंत गेला. गुरुजींनी ते नीट बघितलं, टाक बुडवला आणि दाखल-खारीज रजिस्टरात लिहिलं: एक जून, वय सहा.

एक जून तर अर्ध्या गावाचाच वाढदिवस होता, त्याचं काही नाही. पण माझा चुलतभाऊ माझ्याच पंधरवड्यात जन्मलेला. तो वेळेवर शाळेत गेला म्हणून कागदावर माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा झाला, आणि त्या जोरावर त्याने मला आयुष्यभर 'दादा' म्हणायला लावलं.

खरी तारीख घरात लिहिलेली होती. थोरला काका सेलूला रेल्वेत कामाला होता, चार बुकं शिकलेला. घरात लेकरू झालं की तो एका वहीत तारीख लिहून ठेवायचा; बाला वाचता येत नसे, म्हणून शाळेत ती वही कोणी नेली नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्याच वर्षी गावाने आमच्या वस्तीतली घरं पेटवली, त्यात आमची पत्र्याची पेटी गेली आणि पेटीतली वही गेली. त्यानंतर वस्तीतलं एकही पोर शाळेत जाईना. गाव ओलांडून जायची भीती वाटायची. चार-पाच दिवस वाट बघून एका सकाळी गुरुजी हजेरीपुस्तक काखेत मारून वस्तीत आले, विहाराच्या ओट्यावर बसले आणि हजेरी घेऊ लागले. आम्ही दारातून 'हजर' म्हणायचो. गावातले लोक त्यांना काय काय बोलले ते मी लिहीत नाही. तिथेच ते शुद्धलेखन घालायचे. मध्ये एक रेघ कोरी सुटली तर तळहातावर छडी बसायची, घर जळालेलं असो की नसो.

मी सातवीत असताना बानं माझं लग्न ठरवलं. नवरदेव सरकारी कचेरीत शिपाई. सुपारी फोडायला पाहुणे बसलेले, चहा आलेला, आणि गुरुजी रजिस्टर घेऊन दारात. त्यांनी धमकी दिली नाही, भाषण केलं नाही. माझी ओळ तेवढी वाचून दाखवली.

"पोरगी कागदावर बारा वर्साची हाय. अठराचा कायदा झालाय. नवरदेवाची नोकरी सरकारी. तुमी बघा."

पाहुण्यांनी चहा तसाच ठेवला. बा चिडून म्हणाला, "गुरुजी, पोरगी मोठी हाय. तुमाला ठावं हाय."

"मला कागद ठावं हाय," गुरुजी म्हणाले आणि निघून गेले.

नव्या साडीसाठी मी दोन दिवस रडले. तेव्हा मला वाटलं, गुरुजींच्या हातून तारीख चुकली आणि नशिबाने माझी शाळा वाचली. चूक नव्हती हे कळायला दहावी व्हावी लागली.

दहावी पास झाले आणि परभणीला नर्सच्या ट्रेनिंगचा फॉर्म भरला. खिडकीतल्या बाईंनी तो परत ढकलला. सतरा पूर्ण पाहिजे होती, कागदावर मी सोळाची. खरी अठराची घोडी. मी तशीच एसटीने गावी आले आणि शाळेत गेले. गुरुजी मुख्याध्यापक होते. तारीख चुकली आहे असं त्यांनी लिहून दिलं, तर दुरुस्ती वर जाणार होती. फॉर्मची मुदत आठ दिवस.

त्यांनी मला बसवलं, दार लोटलं, रजिस्टर काढलं. म्हणाले, "चुकली न्हाई. मी लिवली तशी."

मला कळेना. ते पानं उलटत गेले आणि एकेका ओळीवर बोट ठेवत गेले. अकरा पोरी. सगळ्या उशिरा आलेल्या, सगळ्यांचा हात मानेपर्यंत गेलेला, सगळ्या वय सहा. त्यातल्या पाच अजून शाळेत होत्या.

"तुझी एक तारीख खोडली की साहेब पुरं रजिस्टर तपासतोय. मग ह्या पाचांना मी कशानं अडवू? त्यांचे बाप लगेच तयार हायेत."

"आन मी?"

"तू एक साल थांब."

"गुरुजी, बा पुन्हा स्थळ बघायलाय."

"बघू दे. आजून दोन साल तू कागदावर ल्हान हाईस."

मी त्यांना तोंडाला येईल ते बोलले. माझ्याच गळ्याला सुरी लावून दुसऱ्यांच्या पोरी वाचवता का, असंही म्हणाले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पण सही केली नाही. ते वर्षभर मी कापूस वेचला. बोंडांनी बोटं फाटली, आणि प्रत्येक बोंडाला मी गुरुजींना शिव्या दिल्या. बानं दोन स्थळं आणली, दोन्ही त्या रजिस्टराला भिऊन परत गेली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असली माझी तारीख. पुढच्या साली ट्रेनिंग मिळालं. त्या पाचांपैकी तिघी दहावी झाल्या. हे मला माहीत आहे. तरी ते वर्ष माझं होतं, आणि मला कोणी विचारलं नव्हतं.

ट्रेनिंगनंतर दोन-तीन वर्षांनी नोकरी लागली, तेव्हा कारकुनाने सांगितलं, पाच वर्षांच्या आत जन्मतारीख दुरुस्त होते. पाचवं वर्ष सरत आलं तेव्हा मी सोनपेठला गुरुजींच्या घरी गेले. ते निवृत्त झालेले, दम्याने खाटेला लागलेले. त्याच महिन्यात विद्यापीठाचं नाव बदललं होतं. मला बघून म्हणाले, "तिकडचं नाव बदललं. आता तुझी तारीख बदलू." त्या अकराजणींतली एकही आता शाळेत नव्हती. त्यांनी स्वतःहून कागद मागितला आणि धापा टाकत, त्याच वळणदार अक्षरात लिहिलं की तारीख माझ्या हातून चुकीची पडली, दोष माझा. मग पेन थांबला.

"खरी कोणती लिवू?"

काका वारला होता, वही जळाली होती. माय म्हणायची, तू झालीस तेव्हा ज्वारी हुरड्यात आली होती. कोणत्या साली, तर चुलतभावाच्या साली. चुलतभावाची तारीख कागदावर एक जून. तीही गुरुजींनीच कान बघून लिहिलेली.

"मी तर अंदाजानंच लिवलो पोरी, सगळ्यांचं," ते म्हणाले. "सापडली की तूच भर." आणि त्यांनी खाली सही केली. पावसाळ्याआधी ते गेले.

खरी तारीख सापडलीच नाही; तो कागद तसाच माझ्याकडे आहे. निवृत्तीचे फॉर्म भरताना बाहेर काढला आणि परत ठेवला. शुद्धलेखनात एक रेघ कोरी सुटली तर छडी मारणारा माणूस कोऱ्या जागेखाली सही करून गेला. फॉर्मवर मी एक जून लिहिलं. आता भांडायचं तर कोणाशी?