बाळाबाईच्या पदरातलं खडं

तेजू, आयतवारी शाळंच्या पोरींसंगं मसाईच्या पठारावर चाललीस न्हवं? दोरीवरनं कडा उतरणार, तंबूत ऱ्हाणार म्हणं. जा की. मी तुजी आजी, मी कशाला नगं म्हणू? पर जायच्या आदी वही घे आन् मी सांगतो ते लिव. मला लिवाय येत न्हाय, आन् जिचं सांगतो तिलाबी येत नव्हतं.

बाळाबाईचं सांगतो, माज्या थोरल्या जावंचं. तुला ती आठवती ती खाटंवर बसून तंबाखू मळताना, गुडघ्याला एरंडाचं पान बांधल्याली. पठारावरची बाळाबाई तू बघितलीच न्हाईस.

ती शिरोळकडची. तिकडं जमीन कशी, ताटासारखी. ऊस आन् नदी. पूर आला तर माणूस वर बघतंय, खाली बघायची येळच येत न्हाय. लगीन होऊन हितं आली आन् पठाराची कड बघितली तर तितंच बसली की खाली! तांबडा जांभा, सपाट, मैलभर चालत जावा, आन् मग एकदम कायच न्हाय. खाली झाडं मुंगीएवढी. वरीसभर ती म्हशी घेऊन वर जाईना. मी तिच्या मागनं तीन वर्सांनी आलो ह्या घरात, तवाबी सगळी तिला चिडवायची, शिरोळची राणी आली, हिला कड्याला कठडा बांधून द्या म्हणून.

आमचं मामंजी लई शाणं. त्येनी चिडवलं न्हाय. त्येनी तिला शिकवलं. म्हणलं, बाळा, तुला ईसाच्या म्होरं मोजाय येत न्हाय, नगं येऊ दे. सकाळी गोठ्यातनं एक जनावर भायेर पडलं की एक खडा पदरात टाकायचा. सांच्याला एक आत आलं की एक खडा भायेर टाकायचा. पदर मोकळा झाला की दार लावायचं. आन् म्हणलं, म्हशीच्या म्होरं कवा चालू नगंस. धुकं पडलं की माणसाला वाट दिसत न्हाय, म्हशीला ती दिसायची गरजच लागत न्हाय. घरात रेडकू बांधल्यालं असलं की दुभती म्हस धारंच्या येळंला नीट घराकडंच येती. तिला म्होरं सोडायची, गळ्यात घंटा बांधायची, आन् आपुण सगळ्यांच्या मागं.

मग ती जी वर गेली ती गेलीच.

एकदा काय झालं, एक खडा पदरात ऱ्हायला. एक रेडकू आलं नव्हतं. आमचं थोरलं भावजी, कृष्णात, तिचा नवरा, दमून आलतं. म्हणलं, कुटं जातंय, उद्या बगू. सकाळी ते कड्याखाली घावलं. तिनं काय भांडण केलं न्हाय. पर त्या दिसापासनं ‘उद्या बगू’ हे तिच्या तोंडातनं मी कवा ऐकलं न्हाय.

आता पावणं कसं याय लागलं ते सांगतो. नव्वद साल झालं आन् मग हळूहळू शेरातली माणसं पाठीला पिशव्या लावून याय लागली. आमास्नी नवलच. आम्ही म्हशीसाठी वर जातो, ही रिकामीच जात्यात. वाट चुकून आमच्या दारात यायची, पाणी मागायची. बाळाबाई त्यास्नी वाटंला लावाय जायची. मग कोल्हापुरातनं सोमशेखर म्हणून एक जण याय लागला. कापडाच्या दुकानदाराचा ल्योक, दुकानात मन नव्हतं, कड्यावर लोंबकळायचं येड. माणूस चांगला, नुस्ता आवाज मोठा. दर श्रावण-भादव्यात त्येचं शिबिर. कॉलेजची पोरं-पोरी आणायचा, दोऱ्या, टोप्या, शिट्ट्या. तो बाळाबाईला मावशी म्हणायचा आन् वाट दाखवाय न्यायचा.

ती पावण्यास्नीबी म्हशीसारकंच न्यायची. म्होरं चंद्री, आमची म्हस, घंटा वाजवत. मधी पावणं. मागं बाळाबाई. सकाळी निघताना परत्येकानं एक तांबडा खडा उचलून तिच्या पदरात टाकायचा, माघारी आलं की एकेक घेऊन टाकून द्यायचा. पोरं हसायची. एक जण म्हणला, आजी, आम्हाला पेंडबी घालणार काय? ती म्हणली, दूध देशील तर घालतो.

सत्त्याण्णव साल असंल. गौरी-गणपती झाल्यालं. सोमशेखर सांगलीकडच्या कॉलेजची पोरं घेऊन आला आन् म्हणला, मावशी, औंदा म्हस नगं. पोरं फोटो काढत्यात, फोटोत म्हशीचं बूड येतंय. तुमी म्होरं चाला, ही शिट्टी घ्या, वाट्याड्या म्होरंच असतोय. मागं माझा माणूस हाय, आन् मोजाय माझ्याजवळ नावाची वही हाय. तिला पटलं न्हाय, पर पावण्याचा शबूद मोडवंना. लुगड्यावर त्येनं दिल्याली पिवळी बंडी घातली आन् गेली म्होरं. खडं तेवढं घेतलं. त्येला नगं म्हणू दिलं न्हाय.

दुपारपतुर झकास ऊन. कडा उतरून झाला, जेवणं झाली आन् माघारी निघताना धुकं आलं. पठारावरचं तू बघितलं न्हाईस अजून, सांगतो. ते येत न्हाय, असतंयच. आत्ता समोर जोतिबाचा डोंगर हुता, आन् आत्ता सोत्ताचा हात न्हाय.

बाळाबाई म्होरनं शिट्टी वाजवत सगळ्यास्नी घेऊन दारात आली. मी च्याचं आधण ठेवलतं. सोमशेखरनं वही काढून नावं पुकारली. हजर, हजर, हजर. अठ्ठावीस नावं, अठ्ठावीस हजर. वही मिटली, पोरं चुलीकडं पळाली. बाळाबाईनं पदर पसरला. एकेक आला, खडा घेतला, टाकला. सगळी झाली आन् पदरात एक खडा ऱ्हायला.

सोमशेखर हसला. म्हणला, मावशी, कुणीतर सकाळी दोन टाकलं असतील. वही बरोबर हाय.

ती खडा तळहातावर घेऊन एकेका पोराम्होरनं गेली. तोंडाकडं बघत. सौंदर्या म्हणून एक पोरगी हुती, ती ओढणीचं टोक पिळत खाली बघाय लागली. बाळाबाई तिच्यापशी बसली आन् हळू इचारलं, “कुणाचा गं बाई ह्यो?”

पोरगी रडाय लागली. तिच्या मैत्रिणीचा, दानेश्वरीचा. त्या पोरीच्या बुटाचा तळ निघाला, ती बांधाय खाली बसली, म्हणली तू हो म्होरं, आलोच मी. मागचा माणूस दोऱ्या गुंडाळत बसला आन् नंतर दुसऱ्या अंगानं म्होरं निघून आला, त्येला ती दिसलीच न्हाय. आन् शेवटी येणाऱ्याला सगळ्यांचं पाणी भराय लावायचं असा सोमशेखरचा नेम, म्हणून सौंदर्यानं तिच्या नावाला आवाज बदलून हजर म्हणलं. कॉलेजात रोज करत्यात म्हणं तसं, एकमेकीसाठी. तिला वाटलं, मैत्रीण मागनं येतीयाच.

सोमशेखरचं तोंड असं पडलं की मला त्येचीच कीव आली. तो बॅटरी घेऊन उठला, चार पोरं उठली. बाळाबाई दारात आडवी उभी ऱ्हायली.

“बसा खाली. मला आनखी चार खडं नगंत.”

तो म्हणला, मावशी, माजी जबाबदारी हाय. ती म्हणली, म्हणूनच बस, हितल्या सत्तावीस जणांकडं बघ. आन् शिट्टी वाजवू नगंस. धुक्यात शिट्टी चारी अंगानं ऐकाय येती, पोरगी तिच्या मागं गोल फिरंल आन् कड गाठंल.

पिवळी बंडी काढून तिनं वलाणीच्या दोरीवर टाकली. चंद्रीला दावं लावलं. धारंची येळ झालती, कास भरल्याली, म्हस घर सोडून जाईना. वढतच नेली तिला. जाताना मला म्हणली, रेडकू सोडू नगंस, वरडू दे. घंटा वाईच वाजली आन् मग तीबी ऐकाय येईना.

मी उंबऱ्यात बसलो. रेडकू वरडत हुतं. मला एकदम सुचलं, हिनं सगळ्यांचं खडं घेतलं, सोत्ताचा कवाच कुणाकडं दिला न्हाय. मी अंगणातला एक खडा उचलला आन् मुठीत धरला. नुस्ता धरून बसलो. च्या उकळून उकळून आटला.

पोरगी कुटं घावली ते तिनंच नंतर सांगितलं. कडंपासनं ईस-पंचवीस पावलं असंल. आदी शिट्टीच्या मागं फिर फिर फिरली, मग शिट्टी बंद झाली तशी घाबरून एका धोंड्याला मिठी मारून बसली. ते बरं झालं. घंटा ऐकून वरडली. बाळाबाईनं तिला उठवलं, पदराचं टोक तिच्या डोक्याला गुंडाळलं, आन् म्हशीचं दावं सोडून दिलं. पोरीला म्हणली, शेपूट धर. पोरगी म्हणती, मावशी, घाण हाय. हिनं म्हणलं, असू दे, तीच तुला घरला नेणार हाय.

दिस मावळायच्या वाईच आदी धुक्यातनं घंटा आली. चंद्री सरळ गोठ्यात, रेडकाकडं. मागं शेपूट धरल्याली पोरगी, एका पायात बूट, एका पायात फडकं. आन् सगळ्यांच्या मागं बाळाबाई.

तिनं दानेश्वरीच्या हातात खडा दिला. पोरीनं तो अंगणात टाकला. सौंदर्या बाळाबाईच्या पाया पडाय वाकली तर ही म्हणली, माज्या नगं पडूस, चंद्रीच्या पड, आन् जरा लांबनंच पड, लाथ मारती. तवा कुटं पोरं हसली.

मग तिचं माज्या मुठीकडं ध्यान गेलं. “ते काय गं?”

“तुजा खडा.”

“मी काय रेडकू हाय व्हय?” म्हणली. पर खडा घेतला, आन् टाकला न्हाय लगीच. धार काढून झाली तरी पदराच्या गाठीतच हुता.

सोमशेखर त्या राती जेवला न्हाय. सकाळी त्येनं शिबिर गुंडाळलं, पोरीला सोत्ता घरी पोचवलं, तिच्या बाचं बोलणं उभ्यानं ऐकून घेतलं. आमास्नी वाटलं आता काय हा येत न्हाय. म्होरल्या वर्सी आला. वही हुतीच, शिट्टीबी हुती. पर म्होरं चंद्रीला उभी केली, आन् पाणी भरायचा नेम मोडला. पोरांचं खडं टाकून झाल्यावर तो वाकला, एक खडा उचलला आन् सोत्ताच्या नावाचा म्हणून बाळाबाईच्या पदरात टाकला. मग दोघं माज्याकडं आली आन् बाळाबाईनं सोत्ताचा खडा माज्या हातावर ठेवला. तितनं म्होरं सा-सात वर्सं, तिचं गुडघं जाईपतुर, दर शिबिराला तिचा खडा माज्याकडं असायचा आन् सांच्याला ती मागून घ्यायची.

शेवटी खाटंवर हुती तवा म्हणली, आता कुटं जात न्हाय, आता खडा नगं. मी म्हणलं बरं.

लिवलंस? बास तेवढं. आता तिकडं पक्कं तंबू झाल्यात, लोखंडी कठडं झाल्यात म्हणं, खिशात फोन. बरंच झालं. तुमची बाई नावं पुकारंल, तू तुज्याच नावाला हजर म्हण, दुसरीच्या न्हाय. आन् आयतवारी निघताना हितं अंगणात ये, मी तुळशीपशी बसतो. एक खडा उचल आन् माज्या पदरात टाक. हसू नगंस. आलीस की मागून घे.