बंपरचा प्रायमर

वारज्यात माझं पोळी-भाजी केंद्र आहे. पुढे शटर, मागे दोन खोल्या. तवा तापला की शालनचं तोंडही तापतं, असं आमचे हे म्हणतात. म्हणू देत. ज्या माणसाने वर्षभर स्वतःचं तोंड उघडलं नाही, त्याने माझ्या तोंडाबद्दल बोलूच नये.

ह्यांचं नाव वैजनाथ. मूळचे परळीकडचे. बावीस वर्षांपूर्वी पुण्यात आले आणि आमच्या घरासमोरच्या गॅरेजात गाड्या रंगवायला लागले. ठोकलेली गाडी ह्यांच्या हाताखालून गेली की कुठे ठोकली होती ते मालकालाही सापडायचं नाही. बोलणं कमी, हात साफ. मी लग्न केलं ते हात बघूनच, बोलणं बघितलं असतं तर केलंच नसतं.

गेल्या वर्षी जानेवारीत, संध्याकाळी सातच्या सुमाराला, एका स्कूटरवरून तिघं आले. दहशत बसवायची म्हणजे रांगेने उभ्या असलेल्या गाड्यांच्या काचा कोयत्याने फोडत जायचं, अशी ह्या पोरांची रीत. फटाफट काचा फुटायला लागल्या. सगळ्यांनी शटरं ओढली. मीही ओढलं, खोटं कशाला बोलू? आणि आमचे हे गॅरेजातून बाहेर धावले. का, तर दारात एक पांढरी गाडी होती आणि तिच्या दरवाजावर रंगाचा शेवटचा हात वीस मिनिटांपूर्वी मारलेला होता. कोयता उगारलेल्या माणसाला हे ओरडून काय सांगताहेत, तर "अरे, रंग ओला आहे!"

रंग ओला आहे म्हणे! कप्पाळ माझं. गाडीवर यायचा तो वार ह्यांच्या हातावर आला. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं तिथेच डांबरावर पडली, तळहात मनगटापर्यंत उघडला. तिघं निघून गेल्यावर मी धावत पोचले. पांढऱ्या दरवाजावर रक्ताच्या चिळकांड्या उडालेल्या. हे खाली बसून हात पोटाशी धरून म्हणत होते, "हा दरवाजा आता परत घासावा लागणार." मी ओढणी फाडून हात बांधला आणि दोन्ही बोटं दह्याच्या रिकाम्या डब्यात घालून दवाखान्यात नेली. जोडली गेली नाहीत.

वार करणारा कोण, ते सगळ्या गल्लीला माहीत होतं. नाव काय, तर माऊली! ठेवणाऱ्याच्या डोक्यात काय होतं कोण जाणे. पोलिसांनी त्याला उचललं, पण कॅमेऱ्यात तिघांच्या पाठी तेवढ्या आलेल्या. गल्लीत कोणी बोलेना. आमच्या ह्यांनी जबाब दिला, "तोंडाला रुमाल होता. चेहरा दिसला नाही." आठवड्याभरात माऊली सुटला आणि आमच्याच कोपऱ्यावर उभा राहून वडापाव खायला लागला.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "हातभर अंतरावरून मारलं त्याने, आणि तुम्हाला दिसलं नाही? डोळे काय गॅरेजात ठेवून आला होता?" मी रोज विचारायचे. जेवताना, झोपताना, भाजी निवडताना. हे उजवा हात खिशात घालून भिंतीकडे बघत बसायचे.

तीन बोटांनी रंगाची गन तोलता येईना. गॅरेज सुटलं. हाताचे व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणाल्या, बारीक कामं करा. मग दिवाळीत ह्यांनी सोसायट्यांमधल्या किल्ल्यांचे मावळे रंगवून दिले, आणि ते शनिवार पेठेतल्या अनिरुद्ध सरांनी कुठेतरी बघितले. सर इतिहासाचे निवृत्त शिक्षक. काचेच्या पेटीत खिंडीतली अख्खी लढाई मांडायला बसले आहेत. अंगठ्याएवढे प्लॅस्टिकचे दोनशे सैनिक. चढणारे, पडणारे, पोटात भाला घुसलेले. ह्यांना म्हणाले, "आधी चाळीस करून आणा. जमले तर उरलेले तुमचे. नाही जमले तर चहा घ्या आणि निघा." आमच्या ह्यांना असं बोलणं आवडतं, कारण त्यावर उत्तर द्यावं लागत नाही.

रंग धरायचा तर आधी प्रायमर मारायला हवा, एवढं मलाही कळतं. सरांनी सांगितलेला परदेशी डबा म्हणजे आमच्या आठवड्याचा किराणा. ह्यांनी तो दुकानात हातात घेतला आणि परत ठेवला. गॅरेजात लोखंडी पत्र्यावर मारायचा जुना स्प्रे पडलेला होता, तो आणला. बावीस वर्षांची सवय! त्यातलं थिनर एवढं जहाल की सहा सैनिक मऊ पडले, तलवारी खाली लोंबायला लागल्या. मग हार्डवेअरमधला सगळ्यात स्वस्त डबा आणला. तो पिठल्यासारखा दाट. आणखी सहा सैनिकांचं नाक, डोळे, ओठ सगळं बुजलं. ह्यांनी ते सैनिक एकेक करून भिंतीवर फेकले, मग डबाही फेकला. बावीस वर्षांत ह्यांनी पहिल्यांदा काही फेकलं. मी पोळी लाटत होते, तशीच लाटत राहिले. खरं सांगू? बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी हे चहा पिता पिता समोर उभ्या गाडीकडे बघत होते. "शालन, बंपर प्लॅस्टिकचाच असतो ना गं?"

"मला काय विचारता? गाड्या तुम्ही रंगवल्या."

गाड्यांच्या सामानाच्या दुकानातून हे बंपरचा प्रायमर घेऊन आले. राखाडी, परदेशी डब्याच्या पाव भावात. सैनिक आधी भांड्याच्या साबणाने जुन्या टूथब्रशने घासले. डबा कोमट पाण्यात ठेवला, मोजून दोन मिनिटं हलवला. वीतभर अंतरावरून एक फवारा इकडून, एक तिकडून. वाळल्यावर मला भिंग दिलं. दाढीचा केस न् केस दिसत होता! "हा धरून बसतो," हे म्हणाले. "साबणाने जात नाही. तोंडं बुजवत नाही." वर्षभरात एवढं लांब वाक्य मी ऐकलं नव्हतं.

सरांकडून बारा बदली सैनिक आणले आणि हे तीन आठवडे खिडकीपाशी बसले. चाळीस झाले. मी पुसायला गेले तर मागच्या रांगेत तलवार उगारलेला एक दिसला. तुरीच्या डाळीएवढं त्याचं तोंड. डावी भुवई मधोमध तुटलेली, कपाळावर पिवळी रंगवलेली बट, हनुवटीवर तीळ. माऊली!

मी तो सैनिक ह्यांच्या पुढ्यात आपटला. "दिसलं नव्हतं ना? तीळसुद्धा दिसला की हो तुम्हाला!"

ह्यांनी खिशातून हात काढला. "तो दवाखान्यात आला होता. आपली श्रद्धा कॉलेजला कुठल्या बसने जाते, कुठल्या थांब्यावर उतरते, सगळं त्याने म्हणून दाखवलं. बोटं दोन गेली, शालन. पोरगी एकच आहे."

मागे दारात श्रद्धा उभी होती. "मला कोणी विचारलंत का?" ती म्हणाली, आणि रडत आत निघून गेली.

तोवर त्या तिघांचा धुमाकूळ पुन्हा सुरू झाला होता. त्याच आठवड्यात त्यांनी एका भाजीवाल्याचं डोकं फोडलं, आणि पोलिसांनी जुनी प्रकरणं उकरायला घेतली. फौजदार प्रियदर्शनी मॅडम एक दिवस सकाळी आमच्याकडे येऊन गेल्या. जबाबात काही बदल असेल तर सांगा, म्हणाल्या. हे ब्रश धूत बसले. पण मॅडमना आमच्या दारातून निघताना माऊलीने कोपऱ्यावरून बघितलं होतं.

त्याच दिवशी दुपारी बाराला माऊली आला. जॅकेटमधे कोयता, मूठ मुद्दाम बाहेर. "काका, बाई कशाला आलेली?" म्हणत टेबलापाशी गेला. हे बसलेले. गंमत म्हणून त्याने एक सैनिक उचलला, दुसरा उचलला, हसला. मग तिसरा उचलला आणि हसणं थांबलं. स्वतःचं तोंड कोणाला ओळखू येत नाही?

"दिसलं होतं तर तुला," तो म्हणाला, आणि कोयता काढला.

पहिला वार टेबलावर आला, सैनिक खोलीभर उडाले. दुसरा खुर्चीच्या पाठीत रुतला. तो उपसेपर्यंत मी शेगडीवरचा तवा उचलून त्याच्या मनगटावर हाणला. कातडं चर्रकन भाजलं. कोयता पडला, पण त्याने डाव्या हाताने माझा गळा धरला. डोळ्यांपुढे अंधारी आली. तेवढ्यात फुस्स आवाज. ह्यांनी राहिलेल्या तीन बोटांनी प्रायमरचा डबा धरला होता आणि वीतभर अंतरावरून त्याच्या तोंडावर मारत होते. एक फवारा इकडून, एक तिकडून. तो किंचाळला, मला सोडलं, डोळे चोळत भिंतीवर आपटला. मी ओरडत होते, "दाबा! दाबा!" लाज वाटते का म्हणाल, तर नाही वाटत. डबा संपेपर्यंत ह्यांनी बोट काढलं नाही.

तो धडपडत पळाला. तासाभरात सापडला, गॅरेजामागच्या नळाखाली तोंड खरवडत. गळ्यापर्यंत राखाडी. साबणाने जात नाही, हे त्याला कोण सांगणार?

चौकीत मॅडमनी विचारलं, "मागच्या जानेवारीत चेहरा दिसला होता का?" ह्यांनी श्रद्धाकडे बघितलं. ती म्हणाली, "सांगा ना, बाबा." तेव्हा ह्यांनी जमिनीवरून वेचून आणलेला तो सैनिक खिशातून काढून टेबलावर ठेवला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. रुमाल घसरला होता तेही. मी मनात म्हटलं, हे वर्षापूर्वी झालं असतं तर!

मग मॅडम माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही? तुम्ही त्या वेळी कुठे होता?"

माझं तोंड कधी बंद पडत नाही, त्या दिवशी पडलं. वर्षभर ह्यांना बोल बोल बोलले. पण मला एकदाही कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही उठून सांगायला गेले नव्हते. मलाही पोरगी एकच आहे.

"लिहा," मी म्हटलं. "मी शटर ओढलं होतं. पण वीतभर उघडं ठेवलं होतं. त्याची डावी भुवई मधोमध तुटलेली आहे, ती मला तेव्हाच दिसली होती."

हे माझ्याकडे बघत राहिले. काही म्हणाले नाहीत. त्या एकाच वेळी मला वाटलं, ह्यांनी मला चार शब्द सुनवायला हवे होते.