भागूबाईची कोपी

नगरच्या चित्रकलेच्या कॉलेजचं पटांगण. भागूबाई कोपी बांधत होती आणि मी, जन्मभर नाटकांत तोंडाला रंग फासलेला म्हातारा, खुर्ची टाकून बघत होतो. अहाहा, काय ते हात! पाथर्डीकडची ही बाई बावीस हंगाम ऊसतोडीला गेलेली. दर साली कारखान्याजवळ नवी झोपडी, तीच कोपी. चार बांबू, वर उसाचं पाचट, आत सारवलेली जमीन आणि तीन दगडांची चूल. हंगाम सरला की मोडायची.

तिला बोलावलं होतं कॉलेजात शिकणाऱ्या सुकन्यानं. या पोरीला स्वतःच्या प्रदर्शनात एकच वस्तू हवी होती. मोकळ्या मैदानात एक कोपी. बस्स.

काम संपत आलं तशी सुकन्यानं पुढं पाटी रोवली.

"आण्णा, काय लिव्हलंय वो?" भागूबाईनं मला विचारलं.

"बेघर."

तिचे हात थांबले. "कोन बेघर?"

"मावशी, कोपी काही कायमचं घर नाही ना," सुकन्या म्हणाली.

"माझी दोन लेकरं कोपीत झाली. ती काय रस्त्यावर झाली व्हय? पाटी काढ, न्हाईतर मी कोपी मोडते."

"पण पाटीशिवाय लोकांना कळणार कसं?"

"तुला तरी कुटं कळलंय, बाय!"

मला हसू आलं. पाहुणे जमू लागले, पाटी तशीच. भागूबाई पाठ फिरवून बसली.

आणि वावटळ आली. सगळं पाचट एकदम उठलं. सोनेरी पाती वर वर गेली, गोल फिरली, उन्हात तरंगत राहिली. असा पडदा वर जाताना मी कुठल्याच थिएटरात पाहिला नाही.

धूळ बसली. उरले चार बांबू, सारवलेला चौकोन आणि चूल.

"संपलं सगळं," सुकन्या पुटपुटली.

"बांबू उभं हायेत की." भागूबाई उठली. कोपीचं दार ठेंगणं असतं. आता दारच नव्हतं, तरी ती नेमकी तिथंच वाकली, आत शिरली आणि चुलीशी टेकली.

पाहुण्यांतल्या एका आजोबांनी चपला काढल्या. तेही तिथंच वाकले. मग त्यांच्यामागं एकेक जण. चारी बाजू उघड्या, पण दुसरीकडून कुणी शिरलं नाही. माझा गुडघा कुरकुरला, तरी मीही वाकलो.

सुकन्यानं पाटी उपटली. "मावशी, आता काय लिहू?"

"लिव्ह मागनं. आदी पानी आन. पावनं घरात आल्यात."