छापील पत्ता

१४ मार्च, गुरुवार. ६,७४५ रुपये. गेले माझ्या कार्डावरून, पण खरेदी शिक्केबुवांची. आवक-जावकच्या टेबलावर एकतीस वर्षं बसलेल्या या माणसाचं खरं नाव पगारपत्रकाबाहेर कुणी घेत नसे. रक्कम त्यांनी त्याच दुपारी सुट्या पैशांसकट माझ्यासमोर मोजून ठेवली.

खरेदी एका बॅटरीची होती. दोन वर्षांपूर्वी शस्त्रक्रियेत त्यांच्या पत्नीचा आवाज गेला. तेव्हापासून वहिनी गळ्याला एक छोटं यंत्र लावून बोलत. आवाज घोगरा, एकसुरी, पण शब्द कळत. फेब्रुवारीत त्या यंत्राची बॅटरी फुगली. इथे ती कुठेच मिळेना. यंत्र बनवणाऱ्या कंपनीचं ऑनलाइन दुकान परदेशातलं. घरच्या मोबाइलवर ते एवढंच सांगे, 'तुमच्या देशात विक्री नाही.'

एरवी वहिनींनी पाटीवर लिहून भागवलं असतं. पण त्यांची थोरली बहीण दृष्टिहीन, दूरगावी अंथरुणाला खिळलेली. तिचा रोज संध्याकाळी फोन येई. वहिनी रिसीव्हरवर बोटाने टकटक करत आणि बोलत शिक्केबुवा.

"जावईबुवा, तुम्ही काय तिचे वकील? तिला द्या की फोन."

"अक्का, यंत्र बिघडलंय तिचं. ही काय, शेजारीच बसलीय. टकटक ऐकलीत ना?"

"टकटक सुतारपक्षीही करतो. खरं सांगा, गेली ना माझी धाकटी? आंधळीला फसवू नका हो."

शिक्केबुवांनी हे मला डबा खाताना सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला होता. मीच सुचवलं, "ऑफिसच्या संगणकावरून बघा." आमचं इंटरनेट जणू एका बंद बोगद्यातून परदेशातल्या मुख्य कार्यालयात जातं आणि तिथून बाहेर पडतं. त्यामुळे दुकानांना आम्ही तिथेच बसलेलो दिसतो. खरंच, दुकान उघडलं.

"साहेब, तिकिटाशिवाय विमानप्रवास!" शिक्केबुवा कितीतरी दिवसांनी हसले.

पत्त्याचा रकाना दुकानाने आपणहून भरला होता. मुख्य कार्यालयाजवळचं दुकानाचं पार्सल-केंद्र.

"हे बदलायला नको?" मी विचारलं.

"छापील पत्त्यावर खाडाखोड करायची नसते, साहेब."

त्यांच्या टेबलाचा तो पहिला नियम. मुख्य कार्यालयाची टपालथैली दर गुरुवारी येते, पार्सलही त्यातूनच येणार, असा त्यांचा हिशेब. वर स्वतःचं नाव आणि खाली शेऱ्यात त्यांनी एकेक अक्षर शोधून टाइप केलं, 'मार्फत आवक-जावक विभाग'. मी मान डोलावली आणि कार्डाचा नंबर घातला.

१९ तारखेला निरोप आला, पार्सल केंद्रावर तयार आहे. २१ च्या थैलीत ते नव्हतं. "पुढच्या गुरुवारी," शिक्केबुवा म्हणाले. २८ लाही नव्हतं. तेव्हा मी मुख्य कार्यालयाला फोन लावला. तिथला शिपाई केंद्रावर जाऊन आला.

"साहेब, ज्याच्या नावाचं पार्सल, त्याचंच ओळखपत्र मागतात. थैली-बिली त्यांना ठाऊक नाही. दहा दिवसांत कुणी आलं नाही तर माल परत."

२९ ला माल परत गेला. घरचा पत्ता घालून पाहिला, तर दुकान तिथे पाठवायला तयार नाही. सुरुवातीलाच बॅटरी मुख्य कार्यालयातल्या कुणा कर्मचाऱ्याच्या नावाने मागवायला हवी होती. हे मला सुचायला हवं होतं.

तशी व्यवस्था करतो, हे सांगायला मी २ एप्रिलच्या संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. तेवढ्यात फोन वाजला. थोरलीची मुलगी होती.

"काका, आई दुपारी गेली. सकाळी म्हणत होती, धाकटी पुढे झाली, आता मलाही निघायला हवं. मी किती समजावलं, पण तिला पटलंच नाही."

वहिनींनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग पाटी ओढून लिहिलं, 'मी आहे म्हणावं.' शिक्केबुवांनी रिसीव्हर खाली ठेवला होता.

नवी बॅटरी मागवायची का, असं मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा वहिनींनी मान हलवून नको म्हटलं.

मे महिन्यात दुकानाने परतीचा खर्च कापून ५,९८५ रुपये माझ्या कार्डावर जमा केले. सुटे नव्हते म्हणून मी शिक्केबुवांना ५,९०० दिले. जूनमध्ये ते निवृत्त झाले आणि घर बदलून गेले. त्यांचे ८५ रुपये माझ्याकडे बाकी आहेत.