गोव्यातली राखण

माझं बीबी गावात बियाण्याचं दुकान आहे. ठरवून दिलेला माल ज्या वर्षी खपतो, त्या वर्षी कंपनी आम्हा दुकानदारांना कुठंतरी फिरवून आणते. दोन वर्षांपूर्वी गोवा निघालं. शनिवार-रविवार, दोघांचा खर्च कंपनीचा. मुलाची दहावी होती, म्हणून बायको हलायला तयार नव्हती. मग मी माझ्या मित्राला धरलं.

आम्ही शाळेपासूनचे. साखरखेर्ड्याला त्याचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची जळालेली मोटार त्याच्याकडं न्यावी आणि दुसऱ्या दिवशी चालू करून आणावी, असा त्याचा हात. पण याच हाताला पत्त्यांचंही वेड होतं. आमच्याकडं पोळ्याच्या करीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, गावोगाव पत्ते खेळतात, त्याला कोणी जुगार म्हणत नाही. मी वर्षातून तेवढाच एक दिवस खेळायचो. त्याची कर मात्र वर्षभर चालायची.

एकदा त्याच्या मुलीला पाहायला पाहुणे आले होते. हा सकाळी दही आणायला म्हणून निघाला आणि कोणाच्या तरी गोठ्यात पत्त्यांवर बसला. पाहुणे दुपारपर्यंत थांबले, मुलीचा बाप येईना म्हणून निघून गेले. संध्याकाळी हा घरी आला तेव्हा मुलगी पाहुण्यांचे कप धूत होती. त्या दिवसापासून त्यानं पत्त्याला हात लावला नाही. गोव्याला निघालो तेव्हा त्याला तीन वर्षं होत आली होती.

गोवा म्हटल्यावर त्याची बायको, आमच्या वहिनी, माझ्या दुकानात आल्या. त्यांना बसायला स्टूल दिलं, पण त्या उभ्याच राहिल्या.

"भाऊजी, तिथं ते जुगाराचे जहाजं असतात म्हणतात. खरं हाये का?"

"असतात. कंपनी एकदा दाखवणार आहे. नुसतं पाहायचं आणि यायचं."

"यायले समुद्र पाह्यचा हाये, म्हणून नाई म्हणवत नाई मले. पण तुमच्या भरवशावर धाडून राह्यली मी. एकटं सोडू नका."

मी छातीवर हात ठेवून हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला ते आवडलं होतं. कोणी आपल्याला शहाणं समजून आपल्या हाती माणूस सोपवतं, तेव्हा अंगावर मूठभर मांस चढतं.

शनिवारी दुपारी कंपनीच्या माणसानं आम्हाला पणजीच्या धक्क्यावर नेलं. मनगटाला कागदी पट्टा बांधला, छोट्या बोटीतून नदीतल्या मोठ्या जहाजावर सोडलं. पट्ट्यावर जेवण आणि पैशांऐवजी खेळायच्या थोड्या चकत्या धरलेल्या होत्या. आत गालिचा, थंड हवा आणि नुसता झगमगाट. मित्रानं दारातूनच आत नजर टाकली आणि म्हणाला, "मी वर जाऊन बसतो. वरून नदी दिसन." वर उघडा डेक होता. तिथल्या खुर्चीवर त्याला बसवून मी खाली आलो.

मला दुकानदारीची एक खोड आहे. शेजारी-शेजारी दोन वाण पेरायचे, उगवण किती, फुटवे किती, सगळं खिशातल्या वहीत टिपायचं. इथंही मी वही काढली. खुर्ची मऊ, पाठ दुखत नाही. भिंतीवर घड्याळ नाही. खिडक्यांना पडदे. जेवणात पुरणपोळी नाही, पण गुलाबजाम झकास. सोबतच्या दुकानदारांना वाचून दाखवलं तर ते पोट धरून हसले. मग चकत्या आहेतच तर वाया कशाला घालवा, म्हणून जुगाराच्या फिरत्या चाकावर लावल्या. दोनदा जिंकलो. दर अर्ध्या तासानं मात्र वर जाऊन मित्राला पाहून येत होतो. तो कठड्याला टेकून नदीतल्या होड्या बघत होता. "कसं वाटून राह्यलं?" विचारलं, तर म्हणाला, "समुद्र उद्या दाखव म्हंजे झालं."

रविवारी सकाळी सगळे समुद्रावर निघाले. मी मित्राला म्हटलं, एकच कॅसिनो पाहून निकाल देता येत नाही, एक जमिनीवरचं पण पाहून घेऊ, समुद्रावर नंतर जाऊ. तो चपला घालून माझ्यासोबत आला. हे हॉटेलातलं होतं. लहान, शांत, तीन पत्तीची टेबलं जवळजवळ. तिकीट माझ्या खिशातून. मित्र बाहेर सोफ्यावर पेपर घेऊन बसला. मी वहीत दोन ओळी लिहिल्या आणि वही खिशात टाकली. त्या सकाळी मी त्याला पाहायला एकदाच बाहेर आलो. तेव्हा तो तोच पेपर पुन्हा पहिल्या पानापासून वाचत होता.

दुपारी तिसरं. आता मी तुलनेचं नावही नीट घेतलं नाही. दोन झाली, तिसऱ्याशिवाय कसं कळणार, असं काहीतरी बरळलो. पिशवी वेगळी आणि आतलं बी तेच, हे बियाणंवाल्याला पहिल्याच कॅसिनोत कळायला हवं होतं. कळलंही होतं. तरी मी गेलो, आणि त्याला घेऊन गेलो. समुद्र राहिला.

तेही जहाजच होतं, दोघांच्या मनगटाला तसाच चकत्यांचा पट्टा. मी थेट तीन पत्तीवर बसलो. मित्र वर गेला. त्यानंतर मी किती वेळ बसलो ते मला सांगता येणार नाही, कारण मी एकदाही वर गेलो नाही. ज्या माणसाला सांभाळायला आलो होतो, तो माझ्या डोक्यातून साफ निघून गेला होता. तोच शेवटी खाली आला.

"चाल बे. पाचाले बस हाये."

माझ्यापुढं एकही चकती उरली नव्हती. आणि तेव्हा मी जे केलं, त्याची आज लिहितानाही लाज वाटते. मी त्याच्या मनगटाकडं पाहिलं. त्याच्या पट्ट्यावरच्या चकत्या तशाच होत्या, त्यानं उचलल्याच नव्हत्या.

"तुझ्या चकत्या आणून दे," मी म्हटलं. "एवढा डाव झाला की निघू."

तो चकत्या देणाऱ्या खिडकीवर जाऊन त्या घेऊन आला आणि माझ्यापुढं ठेवल्या. ठेवताना त्याच्या बोटांनी त्या आपोआप एकावर एक रचल्या, अगदी काठाला काठ लावून. त्याच्या ते लक्षात आलं तसा त्यानं हात मागं घेतला. मला तेव्हा तरी उठायला हवं होतं. मी उठलो नाही. समोर नवे पत्ते पडले होते. मी ते उचलून त्याच्याकडं वळवले आणि विचारलं, "सांग बे, तुले समजते. लावू का पत्ते टाकून देऊ?"

त्यानं पत्त्यांकडं पाहिलं. क्षणभरच, पण पूर्ण पाहिलं. त्याचा चेहरा मी त्या गोठ्यातल्या दिवसांत पाहिला होता तसा झाला. ओठ हलले. मग त्यानं दोन्ही तळहात पँटला पुसले, मान वळवली आणि म्हणाला, "मी जिन्यापाशी उभा हाये. तू आल्याशिवाय जात नाई."

मी डाव लावला आणि हरलो. उरलेल्या चकत्याही गेल्या, मगच उठलो. तो जिन्यापाशीच होता, कठडा दोन्ही हातांनी धरून. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता, आणि जहाजात तर थंडी वाजेल इतकी गार हवा होती. आम्ही बोटीत बसलो. बस आमच्यासाठी थांबली होती. दुकानदारांनी ओरडून विचारलं, कोणतं चांगलं? मी म्हटलं, पहिलं.

सोमवारी दुपारी साखरखेर्ड्याला उतरलो. माझी गाडी त्याच्या अंगणात लावलेली होती, म्हणून घरी जाणं भागच होतं. वहिनी दारातच होत्या. नवऱ्याला त्यांनी काही विचारलं नाही. माझ्याकडं वळल्या.

"भाऊजी, खेळले नाई ना हे?"

"नाही वहिनी. हात लावला नाही."

हे खरंच होतं. पुढचं सांगायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात मित्र चपला काढता काढता म्हणाला, "यानं एक मिनिट एकटं सोडलं नाई मले. मले समुद्रबी पाहू देला नाई."

वहिनी हसल्या. तीन वर्षांत मी त्यांना एवढं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. त्यांनी मला वाकून नमस्कार केला. मी दोन पावलं मागं सरलो, पण त्यांना अडवू शकलो नाही. आत त्यांची मुलगी चहाचं आधण ठेवत होती. मला तिथं क्षणभरही थांबवेना. उशीर झाला म्हणून गाडी काढली.

तो रस्त्यापर्यंत सोबत आला. मी गाडी बंद केली.

"काऊन खोटं बोलला बे? सांगायचं होतं तिले. माझं तोंड काळं झालं असतं, दुसरं काय!"

"तुह्या तोंडाचं काय घेऊन बसला," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "तिचा माह्यावर अजून भरवसा नाई. बसन, पण टाइम लागन. तवरोक ती तुह्या भरवशावर मले घराबाहेर पडू देते. तूच असा निघाला हे समजलं, तं तिनं रात्री कोणाच्या भरवशावर झोपावं?"

डोळे भरून आले आणि ते त्याला दिसू नयेत म्हणून मी हेल्मेट चढवलं. त्यानं हँडलवर हात ठेवला.

"मी तुले सोडवाले खोटं नाई बोललो. तिले जसा सांगितला, तसा आता राह्य. तेवढं कर."

मी मान हलवली. तो घराकडं वळला, मी गाडीला किक मारली.