ताटाकडे न बघणारी डबी

सोल्वाय अकरा वर्षं एका इस्पितळात आहारतज्ज्ञ होती. कोणी किती घास खाल्ले ते तक्त्यात भरायचं, हे तिचं काम. तिची पावलं ऐकली की वॉर्डातली माणसं ताट झाकून घ्यायची. एका सकाळी तिने तक्ता टेबलावर ठेवला आणि नोकरी सोडली.

पुढे स्वेनबोर्ग शहराच्या बंदराजवळ, सहा माणसांच्या एका कंपनीत, तिने घरच्या जेवणासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची एक डबी घडवली. मुठीएवढी. एकट्या माणसाशी ती जेवताना बोलायची, त्याचा सूर ऐकायची आणि त्याचं मन कसं आहे ते घरच्यांना एका ओळीत कळवायची. सहकारी म्हणाले, कॅमेरा बसवू, ताटात काय उरलं ते दिसेल. सोल्वाय अडून बसली. "ताटाकडे बघायचं नाही. माणसाचं ऐकायचं."

मग जेवण झालं हे ओळखायचं कशावरून? त्यात कुणालाच अडचण दिसली नाही. "जेवणाबद्दल आभार" म्हटल्याशिवाय या देशात कोणी टेबलावरून उठत नाही, आणि रांधणारा "अंगी लागो" म्हटल्याशिवाय राहत नाही. आभार ऐकले की डबीने ते उत्तर द्यायचं आणि जेवण झालं असं धरायचं.

फेब्रुवारीत तिची आई एल्से गेली. पहिली डबी सोल्वायने वडिलांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. रेग्नार, बोटी बांधणारा सुतार, वय एक्याऐंशी. रोज दुपारी तिच्या फोनवर ओळ यायची : शांत जेवण. आवाज समाधानी. आभार मानले. ती वाचायची आणि पुन्हा कामाला लागायची. बाबा सावरतोय.

मे महिन्यातल्या एका शनिवारी ती पूल ओलांडून त्याच्याकडे गेली. दार उघडणाऱ्या माणसाच्या कमरेच्या पट्ट्याला तीन नवी भोकं होती. टोचायच्या आरीने पाडलेली, नीट, एका रेषेत.

"बाबा, हे काय?"

"पट्टा लांब झालाय."

टेबल मांडलेलं होतं. बटाटे, पार्स्लीचा पांढरा सॉस, तळलेलं डुकराचं मांस. आईच्या हातचं असायचं तसंच. तो बसला आणि खिडकीशी बोलू लागला : शेजाऱ्याने बोटीला डांबर किती गचाळ लावलंय, आणि वर मलाच शिकवतो. डबी हसली, विचारत राहिली. वीस मिनिटं गेली. काटा उचलला गेला नाही.

"जेवणाबद्दल आभार," तो म्हणाला.

"अंगी लागो, रेग्नार."

तो उठला आणि ताट बादलीत रिकामं केलं. "शेजारच्या कोंबड्या बघ एकदा. खाऊन खाऊन चालवत नाही त्यांना."

"तू एक घासही घेतला नाहीस!"

"दुसऱ्याच्या ताटाकडे बघू नये गं. ती डबी बघते का? वळण आहे तिला."

"मग रांधतोस कशाला?"

"न रांधता आभार मानू? वेड लागलंय का मला?" तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. "चोपन्न वर्षं मी म्हणायचो आणि तुझ्या आईकडून उत्तर यायचं. आता पुन्हा येतं. तेवढंच."

सोल्वायचा हात डबीवर गेला. "मी ही घेऊन गेले तर?"

"ने की. तुझीच आहे. मग मी टेबल मांडायचा नाही."

तो धमकी देत नव्हता. डबीला ताटाबद्दल विचारायला शिकवणं दोन दिवसांचं काम होतं. तिने शिकवलं असतं, आणि बाबाने ताट झाकलं असतं. ती झाकलेली ताटं तिला पाठ होती.

पातेल्यात बटाटे उरले होते. तिने ते वाढले. "माझ्यासाठी, बाबा. थोडंसं."

तो पुन्हा बसला. तिच्याकडे बघत, औषध घ्यावं तसा एक तुकडा गिळला. मग आणखी एक. दोन, असं तिच्या मनात आलं, आणि आपण मोजतोय हे तिच्या लक्षात आलं. त्याच्याही आलं असावं. त्याने काटा खाली ठेवला.

"जेवणाबद्दल आभार, पोरी."

"अंगी लागो," ती म्हणाली. त्याच क्षणी खिडकीतूनही तेच शब्द आले.

रेग्नार खिडकीकडे वळला आणि हसला.