प्रेमानंदभाऊंनी टाकून दिलेली रेघ

प्रेमानंद मेश्रामांनी बत्तीस वर्षं गांधीबागेतल्या कापड-गोदामात ताग्यांतले दोष शोधले. पुसट रेघ दिसली की खडूची फुली, तागा बाजूला. बायको जयवंता गेल्यापासून ते हुडकेश्वरला एकटेच. आठ महिन्यांपासून लॅपटॉपवर रेडिओ दुर्बिणीची चित्रं तपासतात. महाकाय कृष्णविवर स्वतः दिसत नाही. त्याच्या जवळून निघालेले झोत दोन्ही बाजूंना लाखो प्रकाशवर्षं जातात आणि टोकाला फुगतात. त्या फुगवट्यांच्या मधोमध दीर्घिका सापडली, की कृष्णविवर बहुधा तिच्या पोटात. हौशी लोकांनी चित्रं निवडायची, पुढचं खगोलशास्त्रज्ञांनी पाहायचं.

"काय शोधून राहिले, भाऊजी?" शेजारच्या सिंधूताईंनी भिंतीवरून विचारलं.

"कृष्णविवर."

"सापडलं त सांगजा. आमच्या कुकरचं रबर बी सापडून नाही राहिलं."

त्या मंगळवारी दुपारी वरणभाताचा घास भाऊंच्या हातातच राहिला. सकाळी एका पुसट रेघेला सवयीनं 'खराब' म्हणून टाकलं होतं. यंत्राचा दोष असता तर तेजस्वी ठिपक्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या रेघा पसरल्या असत्या. ही तर जराशी वाकलेली, दोन्ही टोकांना फुगलेली! पाचला त्या दिवसाच्या चित्रांची यादी बंद. खराब चित्र मग कोणी उघडणार नव्हतं.

त्यांनी पुण्याला, हे काम सांभाळणाऱ्या अदितीला फोन लावला.

"काका, प्रत्येक चित्र तिघं बघतात, आणि याला तिघांनीही खराबच म्हटलंय हो. तुम्ही मत बदलून कारण लिहिलंत, तर ते वगळणं थांबवते मी."

"मले वाटलं धागा सुटला, पोरी."

"कुठला धागा?"

"जाऊ दे. लिहितो."

एका बोटानं चार ओळी टाइप करायला पाऊण तास लागला. पावणेपाचला अदितीचाच फोन आला. "काका, अहो, मधोमध दीर्घिका आहे! तिचा वर्णपट घ्यायला सुचवतोय आम्ही, म्हणजे अंतर कळेल."

भाऊंनी लगेच मिहानमधल्या कंपनीत काम करणाऱ्या लेकीला फोन केला.

"बाबा, कॉलवर आहे नं मी, पटकन बोला. जेवले?"

"हो. ऐक नं दामिनी, आज मले..."

"रात्री बोलू हं, बाबा. बाय बाय!"

त्यांनी फोन खाली ठेवला. मग त्यांना धडकी भरली: आठ महिन्यांत अशा किती रेघा आपण फेकल्या? त्यांनी पुन्हा अदितीला गाठलं.

"मी खराब म्हटलेली जुनी चित्रं परत भेटतीन काय?"

"साडेचारशेच्या वर आहेत, काका."

"पाठव सारी," भाऊ म्हणाले. "टाइमच टाइम हाये मले."